शाळेतला धर्माचा तास

शाळेचे वेळापत्रक हेही इतिहासाचे एक साधन आहे, असे आपल्याला सहसा वाटत नाही. ताम्रपट, शिलालेख, बखरी, दफ्तरे यांना आपण साधने म्हणतो. भिंतीवर टांगलेला तासांचा तक्ता कोण जपून ठेवतो? पण एखाद्या काळातल्या राज्यकर्त्यांनी आपल्या प्रजेकडे कोणत्या नजरेने पाहिले, हे त्या तक्त्यावरून चांगले कळते. गणित, भूगोल, भाषा यांचे तास सगळीकडे जवळजवळ सारखेच. फरक पडतो तो धर्माच्या तासाला. तो तास आहे की नाही? असला तर कोणासाठी आहे? शिकवणारा कोण आहे? आणि ज्याला तो नको, त्याला उठून बाहेर जाता येते की नाही? आपला बीड जिल्हा आणि आजूबाजूचा मराठी मुलूख एवढाच विचार केला, तरी दोनशे वर्षांच्या आत या प्रश्नांना चार निरनिराळी उत्तरे दिली गेली. ती उत्तरे एकापुढे एक मांडून पाहण्याचा या लेखात विचार आहे.

पहिले उत्तर आपल्या घरचेच. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. प्राथमिक वर्ग सोडून मूल वर गेले की शिक्षणाची भाषा उर्दू होई. आणि १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठामुळे तर पदवीपर्यंत उर्दूच माध्यम झाले. या व्यवस्थेत धर्माचा तास होता, पण तो सगळ्यांना एक नव्हता. मुसलमान मुलांसाठी 'दीनियात' आणि इतरांसाठी 'अखलाकियात'. दीन म्हणजे धर्म. तेव्हा दीनियात हे सरळसरळ इस्लामी धर्मशिक्षण. अखलाक म्हणजे माणसाचे शील, वागणूक; तेव्हा अखलाकियात म्हणजे नीतिपाठ. खरे बोलावे, वडिलांचा मान राखावा, उधळपट्टी करू नये, अशा वळणाचा हा विषय. विद्यापीठातही हीच विभागणी ठेवली होती.

या व्यवस्थेकडे आज पाहताना दोन्ही बाजूंनी न्याय केला पाहिजे. हिंदू मुलाला इस्लामचे शिक्षण सक्तीने दिले जात नव्हते, ही गोष्ट नोंदवायला हवी. राज्यकर्त्याचा धर्म प्रजेच्या मुलांवर लादण्याची रीत जगात पुष्कळ ठिकाणी होती. ती इथे नव्हती. पण दुसरी बाजू अशी की, एकाला 'धर्म' मिळाला आणि दुसऱ्याला नुसती 'नीती'. ज्या संस्थानात बहुसंख्य प्रजा हिंदू, त्या संस्थानाच्या शाळेत त्या प्रजेच्या धर्माला नाव नव्हते. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. घंटा झाली की वर्गाचे दोन भाग होत. एका बाकावर बसणारी दोन मुले नेमकी त्याच तासाला एकमेकांपासून वेगळी होत. दीनियातमध्ये काय सांगतात ते हिंदू मुलाला ठाऊक नसे, आणि अखलाकियातमध्ये काय चालते ते मुसलमान मुलाला ठाऊक नसे. पुढे जे रझाकारांचे दिवस आले, त्यांचे कारण या भिंतीत शोधणे अतिशयोक्तीचे होईल. त्याची कारणे राजकीय होती. पण एकमेकांची ओळख करून देण्याची एक संधी शाळेच्या हातात होती आणि ती तिने घेतली नाही, एवढे म्हणायला हरकत नाही.

याच काळात सरकारी चौकटीबाहेर राष्ट्रीय वृत्तीच्या शाळा निघाल्या, हे आपल्या भागातल्या वाचकांना निराळे सांगायला नको. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून स्वामी रामानंद तीर्थ १९३५ च्या सुमारास अंबाजोगाईला आले आणि योगेश्वरी नूतन विद्यालयाची धुरा त्यांनी सांभाळली. गंमत पाहा. शाळेला नाव देवीचे, चालवणारा भगव्या वस्त्रांतला संन्यासी. पण ती शाळा लोकांच्या लक्षात राहिली ती देशसेवेची आणि त्यागाची शाळा म्हणून. धर्म तिथे वेळापत्रकापेक्षा शिक्षकांच्या वागण्यात अधिक होता. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला लागणार आहे.

आता दुसरे उत्तर. ते मिशनरी शाळांचे. आष्टी-पाटोद्याकडच्या माणसाला अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे बीडइतकेच जवळचे. त्या नगरात अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली ठाणे घातले आणि शाळा काढल्या. पलीकडे मुंबईत स्कॉटलंडहून आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली इंग्रजी शाळा उघडली. आजचे विल्सन कॉलेज तिचेच वाढलेले रूप. या शाळांत बायबलचा तास असे. ख्रिस्ती, हिंदू, पारशी असा भेद न करता सगळी मुले त्या तासाला एकत्र बसत. निजामाच्या शाळेत भिंत होती, तशी इथे नव्हती. पण शिकवणाऱ्याच्या मनात एक हेतू होता आणि तो त्याने कधी लपवलाही नाही. ऐकणाऱ्याने आपला धर्म सोडून ख्रिस्ताला शरण यावे, हा तो हेतू.

म्हणाल, मग लोक आपली मुले तिथे पाठवत तरी कशाला? उत्तर सोपे आहे. इंग्रजी विद्या तिथे मिळत होती, फी नव्हती किंवा थोडी होती, शिक्षक मनापासून शिकवत. आणि ज्या जातींच्या मुलांना इतरत्र दार बंद होते त्यांना इथे बाकावर जागा होती. तेव्हा आईबापांनी एक हिशेब केला: बायबलचा तास मुलगा कानाआड करील आणि बाकीचे शिकून येईल. हिशेब बहुतेक वेळा बरोबर ठरला. कधी मात्र चुकला.

१८३९ साली विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईत मोठा गहजब झाला. शाळेतली मुले भराभर काढून घेतली गेली. त्यांपैकी धनजीभाई नवरोजी याच्याबद्दल प्रकरण न्यायालयात गेले. मुलाला समज आली आहे, त्याला आपले आपण ठरवता येईल, असे मानून न्यायालयाने त्याला त्याच्या मनाप्रमाणे जाऊ दिले. चार वर्षांनी, १८४३ साली, दुसरे प्रकरण उभे राहिले. नारायण शेषाद्री आणि श्रीपत शेषाद्री हे दोघे ब्राह्मण भाऊ मिशनच्या शाळेत शिकत होते. थोरल्याने बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत अवघा बारा वर्षांचा. तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. बाप न्यायालयात गेला आणि या वेळी न्यायालयाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. कारण एकच: वय.

पण खरा पेच त्यानंतरचा. श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला, जेवला; आता त्याला जातीत परत घ्यायचे की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर पुढे सरसावले. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावे म्हणून त्यांनी खटपट केली. सनातनी मंडळींनी त्यांना कडाडून विरोध केला. एका बारा वर्षांच्या पोरावरून पंडितांमध्ये दोन तट पडले. वाचकहो, शाळेतल्या एका तासाचा प्रश्न घराच्या उंबरठ्यापर्यंत, पंगतीपर्यंत आणि न्यायालयापर्यंत कसा जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्या इतिहासात मिळणार नाही. मुलाचे मन कोणाचे: बापाचे, गुरूचे, जातीचे, की त्याचे स्वतःचे? हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा उघड्यावर आला.

थोरला भाऊ नारायण शेषाद्री पुढे आपल्याच मराठवाड्यात आला. जालन्याला त्याने मिशनचे काम उभे केले आणि सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. म्हणजे निजामाच्या राज्यात, निजामाच्या दिवाणाने दिलेल्या जमिनीवर, एका मराठी ब्राह्मणाने ख्रिस्ती गाव वसवले. इतिहास आपल्या कप्प्यांत नीट बसत नाही तो असा.

मात्र बायबलचा तास ऐकणारे सगळेच काही ख्रिस्ती झाले नाहीत. या बाबतीत जोतीराव फुले यांच्याकडे पाहावे. १८४१ ते १८४७ या काळात ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी बायबल ऐकले, ख्रिस्ती नीतीचा विचार केला, त्यातले समतेचे आणि दयेचे तत्त्व मनाशी घेतले. पण बाप्तिस्मा घेतला नाही. मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याचे त्यांनी मोकळेपणी कौतुक केले आणि स्वतःचा विचार स्वतः केला. त्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली, प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एका कुटुंबाची कल्पना मांडली आहे. घरातली आई बौद्ध धर्माचे ग्रंथ वाचून तो धर्म स्वीकारते, बाप बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सार्वजनिक सत्यधर्म पाळतो, आणि तरी सगळे एका घरात गोडीगुलाबीने राहतात. या कल्पनेतला बारकावा बघा. कोणीही जन्मामुळे वा कोणाच्या दडपणामुळे धर्म पाळत नाही. प्रत्येकाने आधी ग्रंथ वाचला आहे. श्रीपतच्या प्रकरणाला जोतीरावांनी दिलेले हे जणू उत्तरच म्हणता येईल.

इथे जरा थांबून, त्या तासाला शिकवत तरी काय, हेही पाहिले पाहिजे. ख्रिस्ती नीतिशिक्षणात मुख्य भाग दोन: मोशेच्या दहा आज्ञा आणि येशूने डोंगरावर केलेले प्रवचन. शिवाय येशूचे दाखले, म्हणजे छोट्या बोधकथा. त्यांतली दयाळू शोमरोन्याची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. वाटेत चोरांनी मारून टाकलेला एक माणूस पडला आहे. त्याच्याच समाजातले दोन प्रतिष्ठित धार्मिक लोक तिथून जातात, बघतात आणि बाजूने निघून जातात. तिसरा येतो तो शोमरोनी. ज्या जमातीला त्या समाजात तुच्छ लेखत, त्या जमातीतला. तो थांबतो, जखमा बांधतो, धर्मशाळेत नेतो, खर्च देतो. आता सांग, शेजारी कोण? असा येशूचा प्रश्न. ही कथा ऐकून कोणाचा धर्म बुडत नाही. पण ती सांगताना, म्हणून तू आता ख्रिस्ती हो, असे पुढे जोडले की तीच कथा दुसरी गोष्ट बनते. एकच धडा, एकच वर्ग, एकच शिक्षक. पण शेवटच्या एका वाक्याने विषय बदलतो. धर्माचा अभ्यास आणि धर्माचा उपदेश यांतली रेघ इतकी बारीक असते.

मराठीत हे विचार नवे नव्हते, हेही सांगून टाकतो. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ सालीच मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' लिहिले होते. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला भजन-कीर्तनात आणले. बाहेरचा विचार आपल्या भाषेत आला की तो परका राहत नाही.

तिसरे उत्तर इंग्रज सरकारचे. १८५४ साली वुडचा शिक्षणविषयक खलिता आला. त्यात सांगितले होते की सरकारी शाळा सगळ्या प्रजेसाठी आहेत. म्हणून त्यांतले शिक्षण निखळ ऐहिक असावे. बायबल शाळेच्या ग्रंथालयात ठेवायला हरकत नाही. एखाद्या मुलाने आपण होऊन काही विचारले तर शिक्षकाने ते शाळेच्या वेळेबाहेर सांगावे. मिशनच्या किंवा इतरांच्या खासगी शाळांना अनुदान द्यावे, पण ते त्यांच्या ऐहिक शिक्षणाकडे पाहून. धर्माच्या तासात सरकारने डोकावू नये. म्हणजे सरकारने स्वतःच्या शाळेतला धर्माचा तास काढून टाकला आणि दुसऱ्याच्या शाळेतल्या तासाकडे पाठ फिरवली. व्यवहार म्हणून हे शहाणपणाचे होते. १८५७ च्या उठावाने तर तटस्थतेचे महत्त्व आणखी पटवले.

परंतु तटस्थतेतून पोकळी निर्माण झाली, अशी तक्रार लवकरच सुरू झाली. मुले इंग्रजी शिकतात आणि उद्धट होतात, देवाधर्माला मानत नाहीत, हे वाक्य आजचे नाही. दीडशे वर्षांचे जुने आहे! १८८२ साली हंटर आयोग बसला. त्याने सुचवले की सर्व धर्मांना मान्य होतील अशा नैसर्गिक धर्मतत्त्वांवर एक नीतिपाठ्यपुस्तक तयार करावे आणि महाविद्यालयात माणसाच्या व नागरिकाच्या कर्तव्यांवर व्याख्याने द्यावीत. या आयोगाचे एक सभासद आपले न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. त्यांनी या सूचनेला विरोध नोंदवला. लक्षात घ्या, हा गृहस्थ धर्माचा वैरी नव्हता. त्याच सुमारास त्यांनी केलेले भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले होते. पण नीती ही पाठ्यपुस्तकातून, घोकून, परीक्षेत उतरवून येत नाही. ती शिक्षकाच्या वागणुकीतून, शिस्तीतून, उत्तम साहित्याच्या वाचनातून येते, अशी त्यांची धारणा होती. सर्व धर्मांचा अर्क काढून बनवलेल्या पुस्तकाचा कोणालाच धर्म म्हणून उपयोग होत नाही आणि वादाला मात्र निमित्त मिळते. सरकारनेही ती पाठ्यपुस्तकाची कल्पना पुढे नेली नाही. मघाशी अंबाजोगाईच्या शाळेबद्दल लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा तो हाच.

चौथे उत्तर स्वतंत्र भारताचे. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला घटना समितीत शाळेतल्या धर्मशिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली. काही सभासदांना वाटत होते की सरकारी शाळेतही धर्म शिकवावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर देताना कारणे मांडली. सगळ्यांच्या करातून आलेला पैसा एका धर्माच्या शिकवणीवर खर्च करणे न्याय्य नाही. देशात धर्म आणि पंथ इतके आहेत की प्रत्येकाची सोय करणे राज्याला शक्य नाही. आणि मोक्षाचा खरा मार्ग आपलाच, असे प्रत्येक धर्म सांगतो; तेव्हा हे वाद शाळेच्या आवारात आणले तर शांतता राहणार नाही. मग पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी संस्कृत विद्यालयांबद्दल शंका काढली. वेद, शास्त्रे शिकवणे हेही बंद होणार काय? त्यावर बाबासाहेबांनी जो भेद सांगितला तो फार मोलाचा आहे. अमुक एक मत खरे म्हणून माना, असे शिकवणे ही एक गोष्ट. आणि त्या मताचा अभ्यास, संशोधन करणे ही अगदी वेगळी गोष्ट. मनाई पहिलीला आहे, दुसरीला नाही.

यातून आलेले घटनेचे अठ्ठाविसावे कलम थोडक्यात असे. संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मोपदेश नाही. एखादी संस्था देणगीने वा न्यासाने उभी राहिली असेल आणि त्या देणगीची अट धर्मशिक्षणाची असेल, तर तिचा कारभार सरकारकडे असला तरी ते चालेल. आणि सरकारने मान्यता दिलेल्या वा अनुदान घेणाऱ्या शाळेत धर्माचा तास असला, तर मुलाला त्याच्या संमतीशिवाय, आणि ते अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, त्या तासाला बसवता येणार नाही. या शेवटच्या वाक्यात मला १८३९ चा धनजीभाई आणि १८४३ चा श्रीपत दिसतात. संमती आणि वय, हे दोन्ही शब्द त्यांच्या खटल्यांतून आपल्या ओळखीचे झालेले आहेत.

निजामाच्या शाळेतला दीनियात आणि अखलाकियात असा दुहेरी तास अशा रीतीने मागे पडला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. आज चर्चने चालवलेल्या शाळांत साधारणपणे ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण आणि इतरांना नीतिपाठ, अशी विभागणी असते. म्हणजे एका अर्थी निजामाचीच तऱ्हा. फक्त मध्ये संमतीचे दार बसवलेले.

पण सरकारी शाळेत धर्माबद्दल काहीच सांगायचे नाही काय? हा प्रश्न विद्वानांना छळत राहिला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने म्हटले, धर्मशिक्षण ऐच्छिक असावे, शाळेच्या वेळेबाहेर असावे आणि पालकांच्या संमतीने असावे. मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांच्या अध्यक्षतेखाली १९५९ साली एक समिती नेमली गेली. तिने थोर धर्मपुरुषांची चरित्रे व शिकवण यांचा तौलनिक परिचय सुचवला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने तर बाबासाहेबांचाच भेद पुन्हा स्पष्ट केला: एखाद्या धर्माची दीक्षा देणारे शिक्षण वेगळे आणि धर्मांविषयीचे शिक्षण वेगळे, दुसऱ्याची लोकशाही देशाला गरज आहे. १९९९ साली मूल्यशिक्षणावरच्या संसदीय समितीने हीच गोष्ट सांगितली, आणि तिचे अध्यक्ष होते हैदराबाद मुक्तिसंग्रामातून पुढे आलेले आपले मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण. सर्व धर्मांच्या मूलतत्त्वांची मुलांना ओळख असावी, असे त्या समितीचे मत. यावर वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अरुणा रॉय यांच्या त्या खटल्यात १२ सप्टेंबर २००२ रोजी निकाल लागला: धर्मांचा अभ्यास घटनेविरुद्ध नाही; उपदेश आणि कर्मकांड शिकवणे तेवढे नको.

हा गुंता फक्त आपलाच आहे असे समजू नका. इंग्लंडने १८७० च्या कायद्याने, ज्याला नको त्या मुलाला धर्माच्या तासातून काढून घेण्याचा हक्क पालकांना दिला. १९४४ साली तिथे शाळेत धर्मशिक्षण सक्तीचे झाले, तो हक्क कायम ठेवून. १९८८ च्या कायद्याने अभ्यासक्रमात ख्रिस्ती धर्माबरोबर त्या देशातल्या इतर प्रमुख धर्मांनाही जागा दिली. नॉर्वेने १९९७ साली ख्रिस्ती धर्म, इतर धर्म आणि नीतिविचार यांचा मिळून एक विषय केला. पण त्यात ख्रिस्ती धर्माला झुकते माप होते आणि तासातून सूट मिळवणे अवघड होते. काही पालक स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २००७ साली जिंकले, तेही नऊ विरुद्ध आठ मतांनी! केनियातल्या माध्यमिक शाळांत ख्रिस्ती, इस्लामी आणि हिंदू धर्मशिक्षण हे वेगवेगळे विषय आहेत. एकत्र बसवावे तर झुकते माप होते, वेगळे बसवावे तर भिंत होते. अडचण सगळीकडे तीच आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे परत येऊ. न्यायालयाने अभ्यासाला परवानगी दिली. पण परवानगी म्हणजे अभ्यास नव्हे. शाळेच्या परिपाठात सुविचार होतो, प्रार्थना होते, मूल्यशिक्षणाचे चार शब्द होतात. सगळे धर्म चांगलेच आहेत, हे वाक्य प्रत्येक मुलाला पाठ असते. त्यापुढे विचारा. रमजानचे रोजे का? शुभ शुक्रवारी ख्रिस्ती माणूस शोक करतो आणि तरी त्या दिवसाला शुभ का म्हणतो? बुद्धाने सांगितलेले पंचशील कोणते? परळीचे वैजनाथ हे ज्योतिर्लिंग म्हणजे काय? महाविद्यालयात येईपर्यंत बहुतेक मुलांना यांतले फक्त आपल्या घरचे उत्तर ठाऊक असते. बाकीची उत्तरे त्यांना मिळतात, नाही असे नाही. पण ती चावडीवर मिळतात, निवडणुकीच्या सभेत मिळतात, आणि आता हातातल्या मोबाईलवर, कोणी लिहिली ते न कळता, मिळतात. शाळा गप्प बसली म्हणजे मूल अजाण राहत नाही. ते दुसरीकडे शिकते. निजामाच्या शाळेने संधी घालवली, असे आपण मघाशी म्हटले. आपल्या शाळेबद्दल पुढच्या पिढीने तेच म्हणू नये.

आणि साधने शोधायला लांब जायला नको. अंबाजोगाईला मुकुंदराज आणि दासोपंत आहेत. बीड शहरात कंकालेश्वराचे देऊळ आहे आणि शहेनशाहवलींचा दर्गा आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांचे मूळ आपल्या वाहिरे गावाकडचे मानतात, ते मुसलमान आणि त्यांचा 'योगसंग्राम' मराठीत. जालन्याचे बेथेल आहे, नगरची मिशनची शाळा आहे, गावोगावी बुद्धविहार आहेत. इतिहासाचा शिक्षक या सगळ्यांबद्दल मुलांना माहिती देऊ शकतो. नियम तीनच पाळावेत. जो धर्म सांगायचा तो त्या धर्माच्या माणसाला ऐकताना आपला वाटेल असा सांगावा. त्यातले गौरवाचे सांगताना त्याच्या अनुयायांत झालेले वाद आणि दोषही सांगावेत, आणि हीच मोजपट्टी आपल्या धर्मालाही लावावी. तिसरे, शेवटचे ते एक वाक्य, म्हणून तू आता हे मान, कधीही जोडू नये.

शिक्षकच पक्षपाती असला तर काय, ही शंका खरी आहे, आणि तेलंगांचा इशारा अजून शिळा झालेला नाही. पण पक्षपाती शिक्षक गप्प बसूनही पक्षपात करतोच. पुस्तक आणि अभ्यासक्रम समोर असला तर निदान त्याला जाब विचारता येतो. पालकांनीही मूल घरी येऊन शेजाऱ्याच्या धर्माबद्दल काही बोलू लागले तर दचकू नये. जोतीरावांच्या त्या कल्पनेतल्या घरात प्रत्येकाने आधी वाचले होते, मग ठरवले होते. आपल्या मुलांनी निदान वाचलेले असावे, एवढी सोय शाळेच्या वेळापत्रकात व्हायला हवी.